तान्ह्या पोळ्याचे नंदी चिडाच्या (पाइनच्या) लाकडाचे: जमते का?

सेलूचा_वाढई | १४ जून, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. आमचं घर तीन पिढ्यांचं वाढईकामाचं. आजोबांच्या हाती बंड्या आणि वखरं, बाबांच्या हाती चौकटी, माझ्या हाती जे मिळेल ते. पण जून लागला की पोळ्यापर्यंत नंदी, म्हणजे तान्ह्या पोळ्याला लेकरं मिरवतात ते चाकांचे लाकडी बैल, हे तिघांचंही सारखं. बाबा नंदी सागाचेच करायचे. आरामशीनवर चौकटी चिरून उरलेले ठोकळे तेव्हा जवळपास फुकट मिळत. आता तेही वजनावर विकतात, आणि हातभर नंदीची किंमत सांगितली की गिऱ्हाईक पोराचा हात धरून प्लास्टिकच्या बैलाकडं वळते.

म्हणून मागच्या वर्षी एका व्यापाऱ्याकडून पाइनच्या फळ्या घेतल्या. "देशी पाइन आहे, एकदम कोरडा, लोण्यासारखा कापते" म्हणाला. कापला खरंच लोण्यासारखा. पंचवीस नंदी केले, अठरा गेले, सात उरले. ते टिनाच्या शेडात फळीवर ठेवून दिले. यंदा मे महिन्यात झटकायला काढले तर एकाच्या वशिंडावर रंगाला फोड आलेला. नखानं फोडला तर आतून मधासारखा चीक. दुसऱ्याचं शिंग दोन बोटांत धरलं अन् कटकन गेलं. तिसऱ्याचं एक चाक मधापासून काठापर्यंत उललेलं, भाकरीचा कोर काढावा तसं.

अठरा घरी गेलेल्यांचं काय झालं असेल ते विचारायची हिंमत झाली नाही. यंदा तेच लाकूड स्वस्तात मिळून राहिलं. घ्यावं का? चूक लाकडाची की माझी?

अकोल्याचा_पोट्टा | १४ जून, रात्री १०:०५

भाऊ, चीक आला म्हंजे बैल जित्ता हाये. बोजारा (नंदी दाखवून मांगतो ते पैशे) जास्त मागाचा त्याचा.

मजाक सोडा, मायाकडं देवघर हाये त्याच लाकडाचं. दर उन्हायात गणपतीच्या फोटोमांगं चिकट होते. माय म्हणते देव रडून राह्यला. म्या म्हटलं माय, फर्निचरवाला हसून राह्यला.

झाडीपट्टीकर | १५ जून, सकाळी ७:२०

आरामशीनवर वीस वर्षं काढली जी, म्हणून बोलतो. पहिले हे पहा की तुमचा "देशी पाइन" कोणता होता. दुकानदार ज्याला पाइन म्हणते त्यात पाच तऱ्हा असतात.

आपल्या देशाचे खरे पाइन हिमालयातले. चीड आणि कैल हे दोन मोठे, आणि मेघालयाकडचा खासी पाइन. चिडाच्या सुया तीन-तीनच्या जुडग्यात येतात, कैलाच्या पाच-पाचच्या. कैल हलका, रेषा सरळ, हिमाचलात दारं-खिडक्यांना तोच मागतात. चीड थोडा जड, डिंकाळ, आणि त्याची एक मोठी खोड आहे, ती पुढं सांगतो. देवदार पाइन नाही, त्याची जात वेगळी. आणि आपल्याकडं कोणी सुरूच्या झाडाला पाइन म्हणत असेल तर त्याला चहा पाजा आणि घरी पाठवा. सुरूच्या त्या सुया म्हणजे पानं नाहीतच, बारक्या हिरव्या फांद्या आहेत.

बाजारात जो चकचकीत फळ्यांचा पाइन येतो तो बहुतेक बाहेरचा. न्यूझीलंडचा म्हणून विकतात तो रेडिएटा पाइन. तोही तिथला मूळचा नाही, कॅलिफोर्नियाचा. आणि एमआयडीसीतून पेट्या फोडून जे येते त्यात काय असेल ते पेटीलाच माहीत.

फळीवर कुठं डाग दिलेला शिक्का होता का? गव्हाच्या लोंबीसारखं चित्र?

सेलूचा_वाढई | १५ जून, सकाळी ८:१०

होता! दोन फळ्यांवर. लोंबी, बाजूला इंग्रजीत आयएन, काही आकडे आणि खाली एचटी. मी रंधा मारून काढून टाकला. मला वाटलं आयएन म्हणजे इंडिया, म्हणून देशी.

झाडीपट्टीकर | १५ जून, सकाळी ८:३५

तिथंच गंमत आहे. आयएन म्हणजे ती फळी भारतात तापवली किंवा धुरावली गेली, एवढंच. झाड कुठलं ते तो शिक्का सांगत नाही. हा परदेशात माल पाठवायच्या पेट्यांचा नियम आहे, लाकडातून किडे देशोदेशी जाऊ नये म्हणून. एचटी म्हणजे लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश उष्णता ३० मिनिटं दिली. एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइडचा धूर दिला. लेकरांच्या खेळण्याला एमबीचं लाकूड मी हाती धरणार नाही. ज्या पेटीवर तेलाचे, केमिकलचे डाग आहेत तीही नाही, मग शिक्का कोणताही असो.

आणि एचटीचा अर्थ "वाळवलं" असा धरू नका. अर्धा तास ऊन दाखवल्यानं चीक सुकत नाही. चीक घट्ट बसवायचा तर भट्टीत ७० अंशांच्या वर नेऊन बराच वेळ ठेवावं लागते. तुमचा व्यापारी "कोरडा" म्हणाला तो हातानं चाचपून म्हणाला असेल.

निवृत्त_फौजी | १५ जून, दुपारी १:५०

मी मूळ आर्वीकडचा. नव्वदच्या दशकात काही वर्षं रानीखेतला होतो. चिडाचं नाव निघालं म्हणून लिहितो.

तिथं डोंगराच्या डोंगर चिडाचे. उन्हाळ्यात जंगलात शिरलं की वास असा येतो जणू कोणी टर्पेंटाइनची बाटली सांडली. खरं म्हणजे टर्पेंटाइन तिथूनच येतं. खोडावर तिरक्या खाचा मारतात, खाली टिनाचा पेला टांगतात, त्यात थेंब थेंब चीक जमतो. त्याला तिथं लीसा म्हणतात. तो उकळला की वाफेतून टर्पेंटाइन निघतं आणि तळाशी राहते ती राळ. खाली पडलेल्या वाळक्या सुयांना पिरूल म्हणतात. पाय घसरतो त्यावर, आणि आग लागली की डोंगरच्या डोंगर जातो.

चूल पेटवायला पहाडी बाया चिडाच्या बुडख्याचा चिकानं भरलेला ढलपा वापरतात, छिलुक. भर पावसात ओल्या हातानं काडी लावा, छिलुक पेटतो. तुमच्या नंदीच्या वशिंडात नेमका तसाच एखादा ढलपा गेला असणार.

एक गोष्ट लक्षात ठेवा. तिथला म्हातारा मिस्त्री चीड वाशांना, फळ्यांना, आतल्या कामाला घ्यायचा. नक्षीचं दार म्हटलं की मान हलवायचा आणि तुन किंवा देवदार शोधायचा. आता तर १९८१ पासून तिकडं हजार मीटरच्या वर हिरवं झाड व्यापारासाठी तोडायला बंदी आली, त्यामुळं बाजारात येतो तो बराचसा वाळल्या-पडल्या झाडांचा माल. आपल्याकडं "देशी चीड" म्हणून ढिगानं माल आला तर मी आधी बिल मागेन.

बल्लारशाकर | १५ जून, संध्याकाळी ६:३०

वाचून डोकं दुखलं. अहो, आपण कुठं राहतो? अयोध्येच्या राम मंदिराच्या दारांना सागवान २०२३ साली आमच्या बल्लारपूरहून गेलं. आलापल्ली, बल्लारशाच्या सागासाठी जग इकडं येतं आणि आपले लोक पेट्या फोडून नंदी करणार? पोळा बैलाचा सण आहे, थर्माकोलचा नाही.

अकोल्याचा_पोट्टा | १५ जून, संध्याकाळी ६:४१

काका, साग तुमच्या घरचा हाये तर एक घनफूट पाठवा सेलूले. जंगलखात्याचा वाहतुकीचा पासही काढून द्या.

बल्लारशाकर | १५ जून, संध्याकाळी ७:०२

पासचं दुखणं मलाही माहीत आहे बाळा. माझं म्हणणं एवढंच की स्वस्त म्हणून काहीही घेऊ नका. साग परवडत नसेल तर शिवणीचं लाकूड घ्या. शिवण तर आपल्याच शेताच्या धुऱ्यावर उभी आहे.

पळसफूल | १५ जून, रात्री ८:१५

आमचा बचत गट नंदी रंगवतो, तीन वर्षांपासून. लाकूड दादा लोक आणतात, आमच्या वाट्याला रंग. त्यामुळं फोड आमच्याच नावावर फुटतात! "ताई, तुमचा रंग निघाला." रंग निघाला नव्हता दादा, आतून कोणीतरी ढकलला होता.

पाइनवर आम्ही आता असं करतो. गाठ दिसली की आधी टर्पेंटाइनच्या फडक्यानं पुसायची. मग चपडा लाख स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवून तिचे दोन हात गाठीवर, दोन हातांमध्ये पूर्ण सुकू द्यायचं. लाख चिकाला अडवते, ऑइल पेंट अडवत नाही, उलट चीक त्यालाच विरघळवून वर येतो. लाख आपल्याच पळस-कुसुमावरची, महागही पडत नाही.

आणि रंगाचा डबा वाचून घ्या. घरगुती रंगात शिशाची मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून ९० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ९० भाग, आहे. सुटे, बिनलेबलाचे रंग अजून आठवडी बाजारात मिळतात. पोरं नंदीचं शिंग तोंडात घालतात. घालतातच, माझ्या दोघांनी घातलं.

सेलूचा_वाढई | १५ जून, रात्री ९:३०

ताई, लाखेचं एकदम कामाचं सांगितलं. फौजी काका, वास तोच! मे महिन्यात शेड उघडलं की तोच वास होता, मला वाटलं रंगाचा.

झाडीपट्टीकर दादा, तुमची ती खोड सांगायची राहिली. शिंग आणि चाक का गेलं?

झाडीपट्टीकर | १६ जून, सकाळी ६:५०

चिडाची खोड म्हणजे पीळ. बऱ्याच झाडांत रेषा सरळ वर जात नाही, खोडाभोवती दोरीसारखी वळत जाते. फळी चिरली की वरून सरळ दिसते, पण आतली रेषा तिरपी बाहेर निघते. अशी फळी वाळताना वाकडी होते, रंधा एका बाजूनं गुळगुळीत जातो आणि दुसऱ्या बाजूनं उचकटतो. वजन धरणाऱ्या जागी दगा देते.

ओळखायचं सोपं आहे. फळीच्या टोकाचा वीतभर तुकडा घ्या, कोयता ठेवून वर ठोका द्या. फाटताना चीर सरळ गेली तर फळी घ्या. चीर वळून बाजूनं निघाली तर त्या फळीचा पाट करा, पाय करू नका. शिक्का, नाव, बिल यापेक्षा हा ठोका खरं बोलतो.

आता शिंग. तुम्ही अख्खा नंदी एकाच फळीतून कापला असेल, हो ना? मग अंगाच्या लांबीला रेषा बरोबर, पण शिंग वर निघते तिथं रेषा आडवी पडते. आडव्या रेषेचा बोटभर तुकडा सागाचाही मोडते, पाइनचा तर विचारूच नका. शिंगं वेगळी करा, रेषा शिंगाच्या लांबीनं ठेवा, डोक्यात गिरमिटानं भोक पाडून डिंक लावून बसवा. मी तर शिंगं बाभळीची करतो, काळपट दिसतात, रंगवावी लागत नाहीत. पायांचंही तेच, रेषा उभी पाहिजे.

चाक तुम्ही गोल फांदीच्या चकत्या कापून केले का?

सेलूचा_वाढई | १६ जून, सकाळी ७:०५

हो ना. तयार गोल मिळते म्हणून.

झाडीपट्टीकर | १६ जून, सकाळी ७:२५

मग ते उलणारच होतं, लाकूड कोणतंही असो. लाकूड वाळताना वर्तुळाच्या दिशेनं जास्त आकसते, गाभ्याकडं कमी. चकतीला ताण सोडायला जागाच नाही, म्हणून ती गाभ्यापासून काठापर्यंत एक चीर देते. तुमचा भाकरीचा कोर. चाक फळीतून कापा, गाभा टाळून.

आपल्या हवेचंही पहा. मे महिन्यात आपलं लाकूड पापडासारखं कोरडं होते, ऑगस्टमध्ये तेच भिजल्या कुडासारखं फुगते. मी सहा इंचाची पाइनची फळी भिंतीला ठोकून पाहिली होती, दोन्ही ऋतूंत जवळजवळ एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, फरक. नंदीचं अंग दोन तुकडे जोडून करता तेव्हा दोन्हीची रेषा एकाच दिशेला ठेवा, नाही तर सांधा बोलते.

निवृत्त_फौजी | १६ जून, दुपारी २:१५

खिळा मारताना पाइन टोकाशी फाटतो. आमचा मिस्त्री खिळ्याचं टोक आधी हातोडीनं बोथट करायचा. टोकदार खिळा रेषा फाकवत जातो, बोथट खिळा चुरत जातो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं म्हाताऱ्याला कमी दिसतं.

अकोल्याचा_पोट्टा | १६ जून, दुपारी २:४०

म्या आत्ताच करून पाह्यलं. दोन खिळे टोकदार, दोन बोथट, पेटीच्या फळीले. टोकदाराची एक फाटली. बोथटाची एकबी नाई. च्याआईले.

सेलूचा_वाढई | १७ जून, रात्री ९:००

काकांनी शिवण सुचवली. तिच्याबद्दल आणि बाकी आपल्या लाकडांबद्दल सांगा ना. सावर मी एकदा वापरली, रंधा मारताना कापूस निघाल्यासारखं झालं.

झाडीपट्टीकर | १८ जून, सकाळी ७:००

वजनानं सांगतो, म्हणजे अंदाज येईल. वाळल्या सागाचं घनफूट साधारण १८ किलो. चिडाचं १६ च्या आसपास, कैलाचं साडेचौदा, शिवणीचं १४, सावरीचं १०-११. सावर हलकी म्हणून लेकरांना उचलायला बरी, पण बारीक कोरकाम जमत नाही, नाकाची पुडी कोरता कोरता नाकच निघून जाते. आणि कापून तशीच ठेवली तर आठ दिवसांत निळी-काळी पडते. पाइनलाही हे निळेपण येते. ती बुरशी आहे, ताकद फारशी घटवत नाही, पण पॉलिशखाली वाईट दिसते. रंगाखाली चालते.

शिवण मात्र राणी आहे जी. हलकी, पण वाकत नाही, फुगत-आकसत कमी, पटाशीखाली लोण्याऐवजी साबणासारखी कापते. रेषा सगळीकडं सारखी मऊ. पाइनमध्ये काय होते, उन्हाळी-पावसाळी वाढीचे पट्टे वेगवेगळे. फिका पट्टा मऊ, लालसर पट्टा कडक. पटाशी मऊवर पळते आणि कडकवर अडते, डोळ्याची बाहुली कोरताना हात उडतो. सँडपेपर बोटानं घासला तर मऊ पट्टा खाल्ला जातो आणि कडक पट्टा उंच राहते, नंदीच्या पाठीवर फासळ्या निघतात. पेपर लाकडी ठोकळ्यावर गुंडाळून घासा, आणि पटाशीला धार जरा जास्तच.

सालईही पहा. मेळघाटापासून आमच्यापर्यंत कोरड्या टेकड्यांवर ती आहेच. तिलाही चीक आहे, वासही तसाच, पूर्वी पेट्यांना तीच वापरायचे. नेपानगरच्या कारखान्यात वर्तमानपत्राचा कागद सालईपासून निघायचा. आपल्या मुलखाचा पाइन म्हणायचा तर सालईला म्हणा. पण जंगलातली तोडून आणू नका, शेतातली वाळली असेल तर बोला.

उदई (वाळवी) पाइन आवडीनं खाते, तेव्हा उरलेले नंदी मातीच्या भिंतीला टेकवून ठेवू नका. आणि हिरवट झाक असलेला, औषध पाजलेला पाइन कोणी स्वस्तात दिला तर नंदीला नको. त्या औषधात आर्सेनिक असू शकते.

बल्लारशाकर | १८ जून, सकाळी ९:४०

झाडीपट्टीकर, शेवटी माझ्याच शिवणीवर आलात. सेलूच्या भाऊंना सांगतो, माझ्या मेहुण्याच्या धुऱ्यावरची एक शिवण मागच्या वादळात पडली आहे. वाळून चिरली की दोन फळ्या तुमच्या. पैसे नको, एक नंदी पाठवा नातवाला.

सेलूचा_वाढई | १८ जून, रात्री ९:२०

काका, नातवाचा नंदी पक्का. शिवणीचा वाळल्यावर करू.

यंदा असं ठरवलं. पाइनच घेतो, पण एचटी शिक्क्याच्या, बिनडागाच्या फळ्या स्वतः निवडून, प्रत्येकीला कोयत्याचा ठोका देऊन. ज्या सरळ फाटतील त्यांचं अंग आणि पाय, बाकीच्यांचे पाट आणि चाकं. शिंगं बाभळीची. फळ्या टिनाच्या छतावर काळी ताडपत्री टाकून तापवतो, पाऊस येईपर्यंत जितकी ऊन्हं मिळतील तितकी. जो चीक यायचा तो माझ्यासमोर येऊ दे. गाठींना लाख.

पळसफूल | १८ जून, रात्री ९:४५

दोन हात, दादा. दोन.

सेलूचा_वाढई | ९ ऑक्टोबर, रात्री ८:३०

धागा वर आणतो. चाळीस नंदी केले, सदतीस गेले. छतावर फळ्या ठेवल्या तेव्हा अकरा फळ्यांना चीक फुटला, तीन तर इतक्या गळल्या की टिनावर पिवळे ओघळ अजून आहेत. त्या तिन्ही बाजूला काढल्या, बाई त्यांचे ढलपे चुलीला वापरते. फौजी काका, खरंच ओल्या हातानं पेटतात.

मोडलेलं शिंग एकही परत आलं नाही. चाक एक आलं, पण ते पोरानं दगडावर आपटलं होतं.

काल मात्र शेजारच्या गावचा एक माणूस पोराला घेऊन आला. ऑक्टोबरच्या उन्हात नंदीच्या उजव्या नाकपुडीतून चिकाचा एक थेंब आला आहे, तिथंच थांबला आहे. मी म्हटलं ठेवून जा, पुसून लाख लावून देतो. पोरगा नंदी सोडेना. त्याच्या घरच्या खऱ्या बैलाचं नाक ओलं असतं म्हणे, याचंही आहे. बाप हसला आणि दोघं तसेच गेले.

पळसफूल | ९ ऑक्टोबर, रात्री ८:५२

नाकपुडीशी गाठ होती ना? लाखेचे किती हात दिले तिथं?

सेलूचा_वाढई | ९ ऑक्टोबर, रात्री ८:५५

एक.